मनूला पाठीवर घेऊन चंदगडच्या डोंगरात

कोल्हापुरात कुणाची चंदगडला बदली झाली की त्याच्या घरी माणसं भेटायला येतात, आजाऱ्याला भेटायला यावं तशी. येताना बिस्किटांचा पुडाही आणतात. माझी बायको सुमन तिथे नर्स आहे, आणि तीही चंदगड गावात नव्हे. तिथून आणखी एक एसटी पकडून शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि पुढे डोंगर चढून वरच्या वाडीत जायचं. एवढ्या लांब कोल्हापूरचं माणूस सहसा जात नाही, म्हणून हे लिहून काढतो आहे. बाकी या प्रवासात मिरवण्यासारखं काही नाही. परत आल्यापासून माझी कंबर अजून सरळ झालेली नाही.

आमची मुलगी मनू पाच महिन्यांची झाली तेव्हा सुमनची रजा संपली. ती एकटीच वाडीत हजर झाली आणि मनू माझ्या आईजवळ राहिली. दिवाळीत सुमन घरी आली. मनू तिच्याकडे बघून हसली, पण तिने उचलून घेतल्यावर रडून लाल झाली आणि आजीकडे हात पसरले. तसं दोन दिवस चाललं. निघायच्या सकाळी सुमनने पिशवी भरता भरता मला सांगितलं, "नाताळच्या सुट्टीत तिला वर घेऊन या. रमली तर माझ्याजवळ राहील. नाही रमली तर मी नोकरी सोडते. पण हे असं अधांतरी मला आता जमायचं नाही."

मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो, त्यामुळे सुट्टीची अडचण नव्हती. आईचीही ना नव्हती. मनू रांगायला लागल्यापासून ती थकली होती. "माझ्यानं आता तिच्यामागं पळवत न्हाय," ती म्हणाली, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

कोल्हापूर

प्रश्न एवढाच उरला की मनूला डोंगर चढवायचा कशातून. ती आजोळच्या वळणावर गेलेली, आडव्या अंगाची, आणि तिला एका जागी बसणं मंजूर नव्हतं.

आधी वाटलं, कडेवर न्यावी. म्हणून एका संध्याकाळी तिला कडेवर घेऊन रंकाळ्याभोवती फिरायला निघालो. सपाट रस्ता, गार वारा, पण संध्यामठाच्या बाजूला पोचेपर्यंत डावा हात माझा राहिला नाही. परत येताना टांगा केला.

मग आईने तिचं जुनं लुगडं काढलं. ऊसतोडीच्या बायका बांधतात तशी झोळी माझ्या पाठीला बांधली आणि मनूला आत सोडलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो तोवर ती घसरत घसरत कमरेखाली आली होती. आईला गाठ मारता येत होती ती पाळण्याची, पाठीवरची नव्हे. समोरचे आप्पा कट्ट्यावरून म्हणाले, "मास्तर, दळण घेऊन निघालासा व्हय?" मी घरी येऊन लुगडं घडी करून ठेवलं.

शाळेतल्या एका सोबत्याने स्वतःच्या मुलाची बाबागाडी देऊ केली. ढकलत नेता येईल म्हणाला. त्याने आयुष्यात डोंगर पाहिला असेल तो जोतिबाचा, तोही बसच्या खिडकीतून.

लक्ष्मीपुरीत लष्करातला जुना माल विकणाऱ्याकडे मला खाकी हॅवरसॅक मिळाली. तळाशी पायांसाठी दोन भोकं पाडली, कडा शिवल्या. मनू आत बसली, पाय बाहेर काढून खूषही झाली. संध्याकाळी बघतो तर मांड्या कॅनव्हासने घासून लालभडक. आईने खोबरेल तेल लावलं आणि ती पिशवी माळ्यावर फेकली.

शेवटी मी कागद घेऊन बसलो आणि एक खुर्ची काढली. वेताची, पाठीला पाठ लावून मूल बसेल अशी, पाय टेकायला फळी, समोर आडवी काठी. बुरुडाने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "ह्यात माणूस बसवायचाय का देव?" त्याने विचारलं. मूल बसवायचंय म्हटल्यावर तो म्हणाला, "हुईल की. पण पट्टं तुमचं तुम्ही बगा. वेत माझा, पट्टा माझा न्हाय." पट्टे मी आमच्या फाटक्या बिस्तरबंदाचे काढले आणि शिवून घेतले. आईने गोधडीच्या तुकड्याची गादी केली.

रविवारी पन्हाळ्याला जाऊन तटावरून हिंडलो. मनू माझ्याकडे पाठ करून मागचा सगळा मुलूख बघत होती आणि मधेच झोपून गेली. खुर्ची मला मागे ओढत होती, त्यामुळे वाकून चालावं लागत होतं. पण चालता येत होतं. सज्जाकोठीपाशी एका कुटुंबाने आमच्याबरोबर फोटो काढून घेतला. ठरलं, म्हटलं, हीच न्यायची.

चंदगड

एसटीत कंडक्टर म्हणाला खुर्ची टपावर टाका. मी म्हटलं मूल तीत बसतं. तो म्हणाला, "मग मूलबी टपावर टाकतासा का?" आणि स्वतःच हसून त्याने ती ड्रायव्हरच्या मागे उभी करून दिली.

गडहिंग्लज मागे पडेपर्यंत शेजारच्या बाईने तीनदा मनूकडे आणि माझ्याकडे पाहिलं. मग डोळ्याला पदर लावला. "आई कवा गेली हो लेकराची?"

"गेली नाही," मी म्हटलं. "नोकरीला आहे. तिच्याकडेच चाललोय."

तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नसावं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला तिने हळूच काहीतरी सांगितलं आणि त्याने उतरताना मनूच्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला. बाप्या माणूस एकटा मूल घेऊन चालला आहे, म्हणजे घरात कोणीतरी मेलंच असलं पाहिजे. पुढच्या दोन दिवसांत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की शेवटी शेवटी मी नुसती मान हलवायला लागलो. कुणाला काय समजायचं ते समजो. सारखं सारखं जिवंत बायकोची साक्ष द्यायलाही दम लागतो.

चंदगडला उतरताना गर्दीत दुधाची बाटली फुटली. काचेचीच ती. दुसरी घ्यावी म्हणून दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. मनूने तोवर बाजार डोक्यावर घेतला होता. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याने आम्हाला आत बोलावलं. त्याने दूध कोमट केलं, बशीत ओतलं आणि बशी तिच्या ओठाला लावली. मनू फुरके मारून बशीभर दूध प्याली, आमच्या पेठेतले म्हातारे चहा पितात तशी. मी बघत राहिलो. बाटलीशिवाय हिला दूध पाजताच येत नाही असं आम्ही घरी धरून चाललो होतो.

"दूध पातळ हाय आमच्याकडं," हॉटेलवाला म्हणाला. "कोल्हापूरवाल्यांस्नी आवडायचं न्हाय."

तिला आवडलं होतं. मुक्काम देवळाच्या धर्मशाळेत केला. थंडी अशी की फरशीतून वर येत होती. मी लग्नातला लोकरी कोट अंगात चढवला आणि मनूला पोटाशी घेऊन पडलो. ती झोपली, मी नाही.

डोंगर

सकाळच्या एसटीने शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा धुकं होतं. भाताची कापणी होऊन गेलेली, रिकाम्या खाचरांत दव पडलेलं. इकडे आमच्याकडे शिरोळ बाजूला या दिवसांत ऊस डोक्याच्या वर उभा असतो आणि ट्रॅक्टरची रांग संपत नाही. इथे नजर जाईल तिथे खाचरं, त्यामागे जंगल आणि माणूस औषधाला नाही.

माझ्याबरोबर एकच बाई उतरली होती. पन्नाशीची, डोक्यावर बाजाराचं बोचकं. तिने खुर्चीकडे पाहिलं.

"पावणं, कुठं?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"मग चला की संगं. मीबी तिथलीच. यल्लूबाई म्हणत्यात." थोडं चालल्यावर तिने मागे येऊन मनूला निरखलं. "अव्वा, पालखीत बसलीस व्हय गं? नर्सअक्काची का ही?"

"हो."

"तरीच. कपाळ तसंच हाय."

दोन दिवसांत मनूची आई जिवंत आहे हे धरून चालणारं हे पहिलं माणूस. माझे पाय जरा हलके झाले.

वाट आधी काजूच्या झाडांतून गेली. झाडांना नुकता मोहर धरू लागला होता. पुढे चढ सुरू झाला. यल्लूबाई न थांबता बोलत होती. तिची गाय गाभण होती आणि घरी फक्त सून, तिला बाळंतपणातलं काही कळत नाही, गाईच्या. लेक बेळगावकडे दिली आहे, ती संक्रांतीला यायची आहे, तिच्यासाठी लुगडं घेतलं. मधेच तिने मातीतला गव्याचा खूर दाखवला आणि जराही आवाज न बदलता पुन्हा सुनेवर आली. मी हुं हुं करत होतो. पन्हाळ्याच्या तटावर जी खुर्ची चालली ती चढावर चालेना. चढाला मी पुढे वाकलो की मनू मागे आडवी व्हायची, आणि तिला आभाळाशिवाय काही दिसत नसे. तिने रडायला सुरुवात केली. थांबायचं, काढायचं, समजावायचं, पुन्हा घालायचं. पट्टे खांद्यात रुतत होते. प्रत्येक थांब्याला यल्लूबाई वर सूर्याकडे बघायची.

"तुम्ही पुढे व्हा," मी म्हटलं.

"नर्सअक्कानं इचारलं, माझ्या लेकराला वाटंत सोडून आलीस, तर काय सांगू?"

ओढा लागला तो अर्ध्या वाटेवर. पाणी घोट्याइतकंच, पण दगड शेवाळलेले. मी चपला हातात घेतल्या आणि सांभाळून उतरलो. मधोमध आल्यावर उजव्या खांद्यावर काहीतरी उसवल्याचा आवाज आला आणि खुर्ची एका बाजूला लटकली. मनू समोरच्या काठीवरून अर्धी बाहेर. मी हात मागे टाकून तिचा पाय धरला. दुसरा हात टेकायला काही नव्हतं, म्हणून पाण्यातच गुडघ्यावर बसलो. त्या क्षणी मला सुचलं ते इतकंच, की पाय सोडायचा नाही. खुर्ची पाठीवर, मूल उलटं.

यल्लूबाईने बोचकं काठावर टाकलं आणि लुगड्यासकट पाण्यात शिरली. तिने मनूला बगलेतून उचललं. "सोडा पाय. सोडा म्हणत्ये न्हवं. धरलीया मी."

माझी बोटं उघडायला वेळ लागला. मनूच्या घोट्यावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. ती थोडा वेळ रडली, मग थांबली आणि यल्लूबाईच्या नाकातली चमकी ओढायला लागली. मी मात्र पलीकडच्या काठावर बसलो तो उठेचना. ओल्या धोतराने थंडी भरली होती. मनात आलं, इथूनच परत फिरावं. सुमनने नोकरी सोडली तर सोडली.

"उठा पावणं," यल्लूबाई म्हणाली. "मागं जायाला बी तेवढंच हाय."

खुर्चीचा पट्टा शिवणीतून गेला होता, बांधण्यासारखा राहिला नव्हता. यल्लूबाईने बोचक्याकडे पाहिलं. गाठ सोडली. आत लेकीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं होतं, दुकानदाराने दिलेल्या कागदासकट. तिने त्यावरून हात फिरवला. "घडी मोडायची न्हवती," असं म्हणत तिने ते माझ्या हातात दिलं. मला नाही म्हणायला हवं होतं, ते सुचलं नाही. तिनेच बांधून दिलं. पण नवं कोरं लुगडं, खळीने कडक झालेलं. गाठ बसेना. दहा पावलं गेलो की सुटायची, पुन्हा बांधलं की पुन्हा सुटायची. चौथ्या वेळी यल्लूबाई हसायला लागली आणि मलाही हसू आलं, दमल्यावर येतं तसं, न थांबणारं.

लुगडं तिने कागदात परत गुंडाळलं. आता नीट घडी कुठली बसणार. मग मी कोटाची बटणं काढली, मनूला छातीशी घेतलं आणि बटणं पुन्हा लावली. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं, पाय पोटाशी दुमडले गेले. खालून दोन्ही हातांचा आधार. कोटाच्या शिवणी करकरल्या, पण तो टिकला. आतली ऊब तिला लागली आणि मलाही. थोड्याच वेळात ती झोपली.

पण मला माझे पाय दिसत नव्हते. म्हणून यल्लूबाई पुढे झाली, डोक्यावर बोचकं, बोचक्यावर उलटी घातलेली खुर्ची, आणि मला सांगत राहिली. "दगुड हाय. मूळ हाय. हितं पाय लांब टाका. आता सरळ हाय." सून, गाय, लेक सगळं थांबलं. उरलेला सगळा डोंगर मी तिच्या आवाजावर चढलो. वाटेत एक वळण असं आलं की उजव्या बाजूला सगळं रान उघडं पडलं, खाली निळं धुकं आणि त्यापलीकडे गोव्याकडचे डोंगर, असं ती म्हणाली. मी पाहिले नाहीत. मान वळवली असती तर मनू जागी झाली असती.

वाडी

सुमनच्या खोलीला कडी होती. ती पलीकडच्या वस्तीवर बाळंतपणाला गेली होती. कोणीतरी कडी काढून दिली, कोणी घोंगडं आणलं, कोणी तांबड्या तांदळाची पेज आणली. पेजेत मीठ आणि बाजूला भाजलेली मिरची. आमच्याकडे पेज आजाऱ्याला देतात. इथे दमलेल्याला देतात. मी दोन वाट्या प्यालो. मनूनेही बोटाने चाखली आणि वाटी ओढली.

सुमन आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात उभी राहिली. तिच्या साडीवर डाग होते, केस कपाळावर आलेले. दिवाळीला पाहिली त्यापेक्षा ती बारीक झाली होती. मनूने तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या कोटात तोंड लपवलं.

मी मनूला म्हटलं, "बघ, आई. आई आली बघ."

"सांगू नका तिला," सुमन म्हणाली. "बोलावूही नका. बसू द्या."

ती मागच्या दारी गेली. हातपाय धुण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग आत येऊन तिने चूल पेटवली, कुळथाचं पिठलं टाकलं, मला ओढ्याचं सगळं विचारलं. मनूच्या घोट्यावरचे वळ तिने लांबूनच पाहिले, हात लावला नाही. जेवताना ती आमच्याकडे पाठ करून बसली होती. मला तिचे खांदे दिसत होते.

दुसऱ्या दिवशीही तसंच. सुमन सकाळी वस्तीत फिरून आली, धान्य निवडत बसली, मनूकडे वळलीही नाही. मी मनातून खचलो होतो. वाडीतल्या बायका मात्र दिवसभर येत होत्या. नर्सअक्काचं लेकरू बघायचं होतं सगळ्यांना. मनू या कडेवरून त्या कडेवर गेली. खळ्यावर मळणी चालली होती, तिथे तिला भाताच्या पेंढ्यांत बसवलं. यल्लूबाईची गाय व्याली होती, ते वासरू दाखवायला नेलं. आमच्या पेठेत मूल शेजारणीकडे द्यायचं तर आधी काजळाची तीट लावतात आणि दहा सूचना देतात. इथे मनू कुठे आहे हे मला दोन दोन तास माहीत नव्हतं, आणि भीतीही वाटली नाही. वाटायला अंगात त्राण नव्हतं हेही खरं.

तिसऱ्या दिवशी सुमन चुलीपुढे भाकरी थापत होती, नाचणीची. मनू रांगत रांगत तिथे गेली. परातीतल्या पिठात हात घातला. सुमन थापत राहिली. मनूने पिठाचा हात तिच्या मांडीवर ठेवला, मग दुसरा ठेवला आणि तिच्या दंडाला धरून उभी राहिली. याआधी ती कशाला धरून उभी राहिली नव्हती. सुमनची भाकरी तव्यावर करपली. तिने ती उलटली नाही, मनूलाही उचललं नाही, फक्त दंड हलू नये म्हणून श्वास रोखून बसली. मी उठून तवा खाली घेतला.

त्या दिवसापासून मनू तिच्याजवळ झोपायला लागली.

परत

सुट्टी संपत आली. निघायच्या सकाळी मी पिशवी उचलली तेव्हा मनू सुमनच्या मांडीवर पेज खात होती. मला वाटलं होतं ती रडेल. मी तयारीही केली होती, काय बोलायचं, कसं पटकन वळायचं.

"निघा आता," सुमन म्हणाली. "रमलीय तोवर निघा." मग जरा थांबून तिने विचारलं, "आईंना काय सांगाल?"

"पेज खाते म्हणून सांगेन. बशीने दूध पिते."

"आणि उभी राहते."

"आणि उभी राहते."

मनूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाटीत बोट घातलं. खुर्ची मी तिथेच ठेवली. सुमन म्हणाली, पट्टे काढून तिच्यात औषधाच्या बाटल्या ठेवेन.

उतार होता, पाठीवर काही नव्हतं, हात मोकळे होते. तरी चढताना लागला त्याहून जास्त वेळ मला उतरताना लागला. कोट उघडाच होता, थंडी वाजत होती, पण बटणं लावावीशी वाटली नाहीत. त्या वळणावर थांबून गोव्याकडचे डोंगर नीट पाहिले. चांगले आहेत. कुणी गेलात तर जरूर थांबा.

खाली आलो तर एसटी गेलेली होती. भाताची पोती घेऊन चंदगडला निघालेल्या एका बैलगाडीवाल्याला हात केला. त्याने बैल थांबवले आणि पोत्यावर जागा करून दिली.

"कुठनं आलासा, पावणं?"

"वरच्या वाडीतनं. लेकीला पोचवायला गेलतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या वयाचा हिशोब त्याला लागत नसावा. "वाडीत दिलीया व्हय? कुणाच्या घरात?"

"आईच्या," मी म्हटलं.

त्याने माझ्या उघड्या कोटाकडे पाहिलं. मग त्याने आपलं घोंगडं काढून मला दिलं आणि बैलांना हाक घातली.